निधी आला आणि शेजार गेला

आमच्या गावात घरांच्या आधी घरांचा फलक आला. बेंबळीकडून गावात शिरताना डाव्या हाताला मुरमाचा उघडा माळ लागतो, त्याच्या तोंडाशी दोन लोखंडी पायांवर तो उभा केला होता. 'घरकुल लाभार्थ्यांसाठी जागा विकसित करणे' असं वर मोठ्या अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात सपाटीकरण, अंतर्गत रस्ते, नाली, पाणी, वीज. निधीचा आकडा लिहायची जागा कोरी होती. दोन पावसाळे फलक तसाच उभा राहिला. शेळ्या त्याच्या सावलीला बसायच्या. आमचे मालक बेंबळी ते धाराशिव जीप चालवायचे. रोज येताजाता ते फलकाकडं बघून म्हणायचे, "मांडव पडलाय, नवरदेव येईना."

मी गावातली अंगणवाडी सेविका. दहावी झालेली, अक्षर बरं, म्हणून गावातला कुठलाही सर्व्हे आला की वही माझ्याच गळ्यात. घरकुलाची यादीही मीच घरोघर फिरून केली होती, आणि त्या यादीत माझंही नाव होतं. आम्ही ओढ्याकाठच्या वस्तीत राहायचो. चोवीस घरं, सगळी दगड-मातीची, वर पत्रे, आणि खालची जमीन कुणाच्याच नावावर नाही. सरकार घर बांधायला पैसे देतं, पण जागा तुमची पाहिजे. जागा नाही म्हणून घर नाही, असं आमचं कितीतरी वर्षं चाललं. मग ग्रामपंचायतीनं तो माळ द्यायचं ठरवलं. माळ तर कसला, अर्धा खडक आणि अर्धा उतार, मधून पावसाच्या पाण्यानं कापलेली घळ. तिथं घर सोडा, बाज टेकवायला चार पाय सरळ बसले नसते. म्हणून आधी जागा नीट करायला निधी, आणि जागा नीट झाली की मग घराचा हप्ता, असा क्रम होता. त्यामुळं वस्तीत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, निधी. सकाळी नळावर निधी, संध्याकाळी पारावर निधी.

मला मात्र त्या सगळ्या काळातलं जे आठवतं आणि अजून जीव कासावीस करतं, ते निधीचं नाही. ते माझ्या शेजारणीचं आहे.

तिला सगळी वस्ती आक्का म्हणायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तिच्या नवऱ्याची मेंढरं होती, आणि सुगी झाली की तो कळप घेऊन निघायचा, लोहाऱ्याकडं, तिथून पुढं कुठं कुठं, शेताशेतांत खतासाठी मेंढ्या बसवत. महिनोन् महिने आक्का एकटीच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. सासू नव्हती, सांगणार कोण? तिनं भिंतीपलीकडून आवाज ऐकूनच ओळखलं. म्हणाली, "बाई, पीठ मळायच्या आदीच थापूलालीस काय? आवाज कच्चा येतूय."

आमच्या दोन घरांत मिळून भिंत एकच होती. दीड हात जाड, पण मधल्या देवळीचा, दिव्याच्या कोनाड्याचा, मागचा दगड कधी काळी निघालेला, त्यामुळं देवळी आरपार. ती बुजवायचं कुणी कधी मनावर घेतलं नाही. त्या भोकातून मीठ गेलं, विस्तव गेला, कोरड्यासाची वाटी गेली, माझ्या लेकीच्या तापाची गोळी आली. माझं आणि मालकांचं भांडण झालं की तिकडून खोकल्याचा आवाज यायचा, आणि मालक लगेच गप्प व्हायचे. वीस वर्षं मी त्या भिंतीला पाठ टेकून तांदूळ निवडले. तिकडून तीही टेकलेली असायची. आम्ही एकमेकींची तोंडं न बघता बोलायचो, आणि मला वाटतं तोंड समोर नसल्यामुळंच खरं बोलायचो.

तिसऱ्या वर्षी निधी आला. फलकावर आकडा रंगवला गेला आणि दुसऱ्याच आठवड्यात माळावर जेसीबी चढला. वस्तीतली माणसं कामं सोडून बघायला जायची. खडक फुटायचा, मुरूम पसरायचा, पाण्याचा टँकर फिरायचा, रोलर जायचा यायचा. बघता बघता त्या उताराच्या चार रुंद पायऱ्या झाल्या, एका पायरीवर सहा घरं अशा. नकाशात घरं जोडीजोडीनं दाखवली होती, दोन घरांत एक भिंत, म्हणजे जागाही वाचते आणि खर्चही. ग्रामसेवकानं तो नकाशा मला दाखवला तेव्हा मी घरी येऊन आधी आक्कालाच सांगितलं.

ती चुलीपुढं होती. भिंतीतून म्हणाली, "मंग सोपं हाय की. सरपंचाला सांगू, आमा दोगीची भिंत एकच ठिवा. बाकी कुठं का देईना. नालीकडंला द्या म्हनावं."

"बघू," मी म्हणाले.

"बघू काय? तू बोल. तुजं ऐकत्यात."

"बघू गं आक्का."

हे 'बघू' मी कशाला म्हणाले, हे आज विचाराल तर नीट सांगता येणार नाही. माझ्या डोक्यात यादीची वही होती. चोवीस घरांचा विचार मी केला पाहिजे, मी म्हणजे कोणीतरी आहे, असला वारा त्या दिवसांत माझ्या अंगात शिरला होता.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर झाली. जागा कशा वाटायच्या यावरून अर्ध्या तासात आरडाओरड सुरू झाली. सगळ्यांना वरची पायरी पाहिजे, सगळ्यांना रस्त्याकडंचं टोक पाहिजे, नालीशेजारचं कुणालाच नको. सरपंच घामाघूम झाले आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, यादी तुमी केली. तुमीच सांगा." मी उठले. डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि मी म्हणाले, "चिठ्ठ्या टाका. ज्याच्या नशिबात जे येईल ते. सोयऱ्याधायऱ्यांच्या शेजारी जागा मागायची म्हटलं तर जन्मात वाटप होणार नाही." पारावर सगळ्यांनी माना डोलावल्या. सरपंच म्हणाले, "ह्याला म्हनायचं शिकलेली बाई." मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आक्का बायकांत मागं बसली होती. तिच्याकडं मी बघितलं नाही.

चिठ्ठ्या तिथंच झाल्या. माझी निघाली तेवीस, सगळ्यात खालची पायरी. आक्काची सहा, सगळ्यात वर, रस्त्याकडंचं टोक. लोक तिला म्हणाले, नशीब काढलंस. ती चिठ्ठी कनवटीला खोचत माझ्यासमोर आली. मला ती नेहमी तू म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "व्हय बाई. तुमी शिकलेल्या. लई न्याव केला. आता ऱ्हावा न्यावाच्या शेजारी."

मीही काही कमी नव्हते. म्हणाले, "मग काय तुझ्या एकटीसाठी गावाचं वाटप उलटं करू?"

झालं. त्या दिवसापासून अबोला. देवळीच्या भोकात तिच्या बाजूनं एक चिंधी कोंबलेली दिसली. मग मीही माझ्या बाजूनं एक कोंबली, दोन बायकांचं डोकं फिरल्यावर दुसरं काय होणार. तरी आवाज यायचेच. तिची भाकरी, तिचा खोकला, एकटी असल्यावर देवाला बोलायची ते. मी तांदूळ निवडायला त्याच भिंतीला टेकून बसायचे आणि पलीकडं तीही टेकून बसलीय हे मला कळायचं. त्या घरांत आमची जेमतेम दोन वर्षं उरली होती. एका भिंतीला राहायचे शेवटचे दिवस, ते आम्ही दोघींनी असे तोंड फुगवून घालवले. याची आठवण झाली की मला माझाच राग येतो, आणि तिचाही येतो.

फाल्गुनात माळावर आखणी झाली. प्रत्येक घराच्या चार कोपऱ्यांना लाकडी खुंट्या, खुंटीवर लाल रंगात नंबर, आणि एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत फक्कीच्या पांढऱ्या रेघा. फक्की म्हणजे ती चुन्याची भुकटी, कबड्डीच्या मैदानाला मारतात ती. अभियंता साहेब तरुण होते, मोटारसायकलवर धाराशिवहून यायचे. त्यांनी सगळ्यांना बजावलं की या रेघांवरून गटारीची खोदाई होणार आहे, मार्चअखेर आखणी पूर्ण दाखवली नाही तर निधी परत जाईल, रेघांना हात लावू नका. सगळ्यांनी हो म्हटलं.

आणि त्या वर्षी पाडवा आला मार्चअखेरीच्या तोंडावर.

आता कुणाच्या डोक्यातून हे आधी निघालं ते कुणी कबूल करत नाही. वस्तीतल्या बायकांचं म्हणणं असं की आयुष्यात पहिल्यांदा हक्काची जागा मिळाली, पाडव्यासारखा सण, मग गुढी काय अजून परक्या जमिनीत उभी करायची? घर नसेना का, जागा तर आहे. पहाटे उठून सगळ्या माळावर. मीही गेले, लांब कशाला राहू. बादल्यांनी शेण-पाणी नेलं. गुढीखालची जमीन सारवल्याशिवाय गुढी कशी उभारायची? एकीनं गुढीपुरतं सारवलं, तर दुसरीनं दार येईल तिथपर्यंत सारवलं, तिसरी म्हणाली माझं सगळं घरच सारवते. सडा पडला, रांगोळ्या पडल्या. मुरूम मऊ, वेळू उभा राहीना, म्हणून आधाराला खुंट्या उपटल्या आणि सुतळीनं वेळूला बांधल्या. सूर्य वर आला तेव्हा त्या उघड्या माळावर चोवीस गुढ्या उभ्या होत्या. साड्या, खण, कडुलिंब, साखरेच्या गाठी, उपडे तांबे. खाली एकही भिंत नाही. लोक रस्त्यावर एसटी थांबवून बघत होते.

मला ते दृश्य अजून आवडतं. असं काही पुन्हा बघायला मिळणार नाही. मी माझी गुढी उभी करून वर बघितलं तर अगदी वरच्या पायरीवर आक्का तिच्या गुढीला नमस्कार करत होती. जांभळी साडी लावली होती तिनं, माझ्या लेकीच्या बारशाला मी तिला दिलेली. मला वाटलं आत्ता जावं वर. पण मध्ये तीन पायऱ्यांचा चढ होता आणि सगळ्या वस्तीच्या बायका होत्या. गेले नाही.

संध्याकाळी गुढ्या उतरल्या. वेळू घरी गेले आणि वेळूंबरोबर खुंट्याही गेल्या. काहींच्या तर चुलीतही गेल्या असतील.

दोन दिवसांनी साहेब आले. माळावर फक्कीचा कण नव्हता. सगळीकडं शेणानं सारवलेली छान तपकिरी जमीन. त्यांनी हेल्मेट काढलं, परत घातलं, परत काढलं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. एक म्हातारी म्हणाली, "सारवलंय बाबा. पाडवा व्हता न्हवं." साहेब खडकावर बसले. दुसऱ्या दिवशी एकतीस मार्च. त्यांना संध्याकाळपर्यंत आखणीचा आणि लाभार्थ्यांचा कागद कार्यालयात द्यायचा होता. चिठ्ठ्यांची यादी ग्रामसेवकाकडं, ग्रामसेवक बिलं घेऊन जिल्ह्याला बसलेले, फोन लागेना. रेघा तर साहेबांनी टेप लावून दुपारपर्यंत परत मारून घेतल्या, पण कुठली चौकट कुणाची, नंबर वरून धरले होते की खालून, यावर चोवीस घरांची चोवीस मतं पडली. शेवटी ते वैतागून म्हणाले, "ज्याने त्याने आपापल्या जागेवर जाऊन उभं राहा. मी उभ्या माणसाचं नाव लिहून घेतो. ग्रामपंचायतीचं मी बघतो."

माणसांनी एकमेकांकडं बघितलं. मग हळूहळू एक वेगळीच हालचाल सुरू झाली. चिठ्ठीत लांब गेलेले दोन भाऊ शेजारी येऊन उभे राहिले. माहेरवाशीण लेक आईच्या अंगाला लागून उभी राहिली. ज्यांचं पटत नव्हतं ते दोन टोकांना गेले. कुणी नालीशेजारी आनंदानं गेलं, का तर व्याही तिथं होते. मी सांगितलेला न्याय माझ्या डोळ्यांदेखत मोडला, आणि भांडण मात्र एकही झालं नाही. सगळं अर्ध्या तासात, गुमान.

मी खालच्या पायरीवर माझ्या तेवीस नंबरवर उभी होते. वर बघितलं. आक्का तिच्या टोकाच्या जागेवरच होती. तिच्याशेजारच्या चौकटीतला माणूस भावाकडं गेला होता. ती चौकट मोकळी होती आणि तिच्या बरोबर मध्ये आक्कानं तिची शेणाची पाटी उपडी ठेवली होती, वर एक दगड. मी ते बघितलं आणि मला वाटलं, वस्तीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या दिराला जागा धरली वाटतं. तिची जाऊ जवळच घुटमळत होती, म्हणून तर माझी खात्रीच झाली. दीर, जाऊ, आपली माणसं. बरोबर आहे, वीस वर्षांची शेजारीण काय आपली असते? माझ्या नाकाचा शेंडा लाल झाला. शिवाय मी सगळ्या गावापुढं चिठ्ठीचं बोलले होते. आता मीच जागा सोडून वर गेले असते तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. मी पाठ फिरवली आणि ओढ्याकडं तोंड करून उभी राहिले. साहेब माझ्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "तुम्ही इथंच ना नक्की?" मी म्हणाले, "माझी चिठ्ठी इथलीच आहे." त्यांनी लिहिलं. सबंध माळावर चिठ्ठीच्या जागेवर उभी राहिलेली बहुतेक मी आणि आक्काच.

निधी परत गेला नाही. गटारी झाल्या, रस्ते झाले, खांब उभे राहिले, मग घराचे हप्ते आले आणि दीड वर्षात आम्ही माळावर राहायला गेलो. ओढ्याकाठची घरं पाडली तेव्हा मी अंगणवाडीत होते. मुद्दाम सुट्टी घेतली नाही.

नव्या घराला नावं ठेवायला मला जागा नाही. सिमेंटची भिंत आहे, संडास आहे, दिवा आहे, पावसात उशाशी पातेली मांडावी लागत नाहीत. हे मिळावं म्हणून आमच्या किती पिढ्या झिजल्या. पण माझ्या भिंतीच्या पलीकडचं कुटुंब पुण्याला कामाला असतं. घराला कुलूप. दिवाळीला चार दिवस उघडतं. त्या भिंतीला मी कान लावून बघितलाय, हसू नका. काहीच ऐकू येत नाही. भाकरी नाही, खोकला नाही. पहिल्या वर्षी मी एकटीच भिंतीला टेकून बोलायला लागले आणि मालकांनी विचारलं, कुणाला सांगूलालीस? मी म्हणाले, देवाला.

आमचं बोलणं परत सुरू झालं ते निधीच्या एका चुकीमुळं. पाण्याची टाकी नकाशात माथ्यावर होती. पण काम चाललं तेव्हा माथ्यापर्यंतचा रस्ता झाला नव्हता, ट्रक चढेना, म्हणून ठेकेदारानं ती खालीच, माझ्या घराशेजारी बांधली. वर पाणी चढवायची मोटार पुढच्या निधीत बसवू म्हणाले. पाण्याला काय निधीचं कळतं? ते वर चढलंच नाही. वरच्या पायरीवरच्या बायका घागरी घेऊन खाली यायला लागल्या. पहिल्या दिवशी आक्का माझ्या दारात आली, घागर खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "नळ मोकळा हाय का?"

"आहे," मी म्हणाले. "चहा टाकलाय."

एवढंच झालं. माफी नाही, रडणं नाही. सात-आठ महिने ती रोज आली. घागर भरेपर्यंत माझ्या उंबऱ्यावर बसायची आणि घागर भरून वाहायला लागली तरी आम्ही नळ बंद करायला उठायचो नाही. मेंढ्या विकल्या ते तिनं तिथंच सांगितलं. नवऱ्याला आता चालवत नाही, घरात बसून चिडतो, तेही. वरच्या बायका ग्रामपंचायतीत मोटारीसाठी मोर्चा न्यायला निघाल्या तेव्हा अर्ज लिहायला माझ्याकडंच आल्या. मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला. पण खरं सांगते, मनातून मला वाटत होतं, नको येऊ दे हा निधी. लोकांच्या घशाला कोरड आणि माझ्या मनात असं. मला लाज वाटायची.

निधी आला. मोटार बसली, पाणी वर गेलं. आक्काच्या दारात नळ आला आणि तिचं खाली येणं थांबलं. गुडघे दुखतात तिचे, उगाच चढउतार कोण करील? मीही वर जाते, संक्रांतीला, पंचमीला, कधी कुणाच्या डोहाळजेवणाला. बसते, चहा पिते, निघते. पाहुणीसारखी. तिचं घर नीटनेटकं आहे. तिच्या भिंतीपलीकडं तिच्या जावेचा टीव्ही दिवसभर चालू असतो.

या हिवाळ्यात घरं नावावर करायची मोहीम निघाली. प्रत्येकाला एक छापील कागद दिला, त्यात घराची चतुःसीमा लिहायची, म्हणजे चारी दिशांना कुणाकुणाचं काय आहे ते. सगळे कागद घेऊन माझ्याकडं. रविवारी दुपारी आक्का आली. गुडघ्यावर हात देत तीन पायऱ्या उतरून. मी तिला ऊन होतं तिथं ओट्यावर बसवलं, चष्मा लावला आणि लिहायला घेतलं.

"पूर्वेला?"

"रस्ता."

"उत्तरेला?"

"माळ. मोकळाच हाय."

"दक्षिणेला?"

"बोळ."

"पश्चिमेला?"

मी मान वर केली. ती टाकीकडं बघत होती. मग म्हणाली, "लिव जावंचं नाव."

इतकी वर्षं घशात अडकलेलं होतं, ते तेव्हा निसटलं माझ्या तोंडून. मी म्हणाले, "पाटी ठेवून जागा धरलीस ना तिच्यासाठी? मग नाव सांगायला एवढा वेळ का लागूलालाय?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. तिला खरंच कळलं नव्हतं मी काय म्हणतेय ते. मग कळलं.

"तिच्यासाटी?" ती म्हणाली. "बाई, ती पाटी तुज्यासाटी ठिवल्ती म्या. सायेब आला, म्हनला ही कुनाची जागा. म्या म्हनलं, येऊलाली ती. फुडच्या वळीत जाऊन परत आला, परत म्हनला, कुनाची. म्या म्हनलं, थांबा, येऊलाली ती. तिसऱ्या डावाला म्हनला, मावशे, मला आज कागद द्यायचाय. म्या खाली बगितलं. तू वड्याकडं त्वांड करून हुबी. तवर जाऊ म्हनली, आक्का, म्या हुबी ऱ्हाऊ का. म्या म्हनलं, ऱ्हा."

खालच्या रस्त्यानं बेंबळीची जीप गेली. मी विचारलं, "मग हाक का नाही मारलीस मला?"

"मारली असती तर आली असतीस?"

मी तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. भिंतीतूनही नाही. म्हणून मी चष्मा काढून पदरानं पुसायला लागले. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं आणि म्हणाली, "लिव. उद्या नेऊन द्यायचाय म्हनं."

मी 'पश्चिमेस' या शब्दापुढं तिच्या जावेचं नाव लिहिलं. स्वच्छ, ठळक अक्षरात, कारण खाडाखोड केलेला कागद घेत नाहीत.